गुरख्याच्या आमानं कुत्र्याला हार घातला

कासार आंबोलीत सगळ्यात भित्रा माणूस कोण, असं त्या काळी कुणी विचारलं असतं तर गावानं भैरूचं नाव घेतलं असतं, कारण भैरू स्वतःच्या शेळीलाही दचकायचा. टेकमान गुरख्याचं नाव कुणाच्या तोंडी आलं नसतं. पण खरा भित्रा तोच होता. त्याचं भ्यायचं कसब इतकं पक्कं होतं की गावाला त्याचा पत्ताच नव्हता.

गावाच्या कडेला, पौडच्या रस्त्याला लागून एक कोळशाची वखार होती. मुळशीच्या रानात भट्ट्या लागायच्या, तिथला कोळसा पोत्यांनी या वखारीत यायचा आणि इथून ट्रकनं पुण्याला जायचा. टेकमान थापा तिथला राखणदार. खाकी कोट, कमरेला खुकरी, हातात त्याच्यापेक्षा वीतभर उंच काठी. नेपाळातल्या डोंगरातून निघून, मुंबईच्या गोदीत धक्के खाऊन, पुण्याच्या मालकाच्या हाताला लागून तो इथं पोचला होता आणि इथंच रुजला होता. रात्री तो काठी आपटत ओरडायचा, "ज्झाग्ते ऱ्होऽऽऽ!" आणि शेवटचा हेल असा काही वर न्यायचा की गोठ्यातली गुरं कान टवकारायची.

"गुरख्या, रेड्याला पडसं झाल्यावानी कशाला वरडतो रं?" सगुणाबाई म्हणायची. तिच्याच घराच्या पडवीत तो राहायचा. "मी म्हंते, जरा हळू वरडलं तर चोर काय रुसनार हायेत का?"

टेकमान नुसता हसायचा. चोराला लांबूनच कळावं, त्यानं आपलं आपण निघून जावं आणि दोघांची गाठ पडू नये, एवढ्यासाठी तो ओरडायचा, हे तिला कसं सांगणार? त्याच्या खुकरीनं आजवर नारळ सोडून काही कापलं नव्हतं.

साप, मालक, घुबड, वीज या सगळ्यांना तो भ्यायचाच. पण या सगळ्यांच्या वर एक भीती होती. तो आला त्याच साली गावात एक जडीबुटीवाला उतरला होता. दोन रात्री देवळात झोपला आणि नेमक्या त्याच वेळी गावातल्या कोंबड्या पटापट मान टाकायला लागल्या. मग काय झालं ते टेकमाननं वखारीच्या दारातून पाहिलं. जडीबुटीवाल्याचं गाठोडं रस्त्यावर भिरकावलं, बाटल्या फुटल्या, तो धोतर सावरत पळाला आणि मागून कोंडाजीचा आवाज आला, "गावाला परकं मानूस सोसत न्हाई. काय?"

कोंडाजी हा गावातला वजनदार शेतकरी. गावकीत शब्द त्याचा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो 'काय?' म्हणायचा, पण तो प्रश्न नसायचा. दाराला कडी घालावी तसा तो शब्द असायचा.

तेव्हापासून टेकमाननं परकं दिसेल असं काही करायचंच सोडलं. आपले सण सोडले. डोक्यावरची टोपी बदलली. भाकरी खायला शिकला. मराठी शिकला, तीही गावची. फक्त बाई काय नि बुवा काय, त्याच्या तोंडात सगळे सारखेच व्हायचे. म्हणूनच त्या दिवाळीच्या तोंडावर तो सगुणाबाईसमोर उभा राहिला आणि काठी या हातातून त्या हातात करत म्हणाला, "आक्का, आमचा आमा येतो हाय. बहीन बी येतो हाय. दिवाळीला."

"कोन आमा?"

"आई. माझा आई."

"तुजी आई? नेपाळातनं?" सगुणाबाईच्या हातातलं सूप थांबलं. "अरं मुडद्या, मग रडतोस काय? आनंदाची गोस्ट हाय की!"

तो रडत नव्हता. पण चेहरा तसा झाला असेल. गावी जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर त्यानं आईला निरोप धाडले होते, की गाव मला फार मानतं, माझ्या शब्दाबाहेर नाही. आता ती ते बघायला येत होती. आयुष्यात एकदाच येणार होती. तिनं फक्त भाऊबीज करून हसत परत जावं, मधल्या दिवसांत तिला कुणी वावगा शब्द बोलू नये, जडीबुटीवाल्यासारखं तिचं गाठोडं रस्त्यावर पडू नये, एवढंच त्याला हवं होतं. आणि नेमकं तेवढंच होणार नाही, अशी त्याच्या पोटात खात्री बसली होती.

वसुबारसेला एस्टी थांबली. नव्या पैशांवरून कंडक्टरशी कुणाचं तरी भांडण चाललेलं, त्यातून वाट काढत एक ठेंगणी म्हातारी उतरली. पाठीवर वेताची मोठी करंडी, तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला, नाकात दोन्हीकडे सोनं. मागून गोरीपान बहीण. सगळ्यात धाकटी म्हणून तिला घरात कांछी म्हणत. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या.

"आगं बया, कपाळानं वझं उचलतीया!" गोजराबाई म्हणाली. गोजराबाई म्हणजे शेजारची. एका डोळ्यानं बघायची आणि दहा तोंडांनी सांगायची.

सगुणाबाईनं मात्र पुढं होऊन म्हातारीच्या पायावर पाणी घातलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. त्यावर सगुणाबाईनं आवाज चढवायचा उपाय काढला. "परवासात! लई! हाल! झालं! आसतील!" म्हातारीनं तितक्याच जोरात तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मग दोघी समाधानानं माना हलवत आत गेल्या.

टेकमानला वाटलं, निभावतंय.

पण त्या साली हवाच वाईट होती. डोंगरापलीकडच्या रिहे गावात गुरांना लाळ-खुरकूत लागली होती. तोंडातून तारा गळायच्या, खुरं फाटायची, बैल उभ्या जागी बसकण मारायचे. भातकापणी तोंडावर आलेली. बैल बसला तर खळं बसणार. वसुबारसेला गाई ओवाळताना बायांनी आधी गाईचं तोंड उघडून बघितलं, मग कुंकू लावलं.

आणि रोगापेक्षा भीती होती ती रोग पाठवला जाण्याची. त्या मुलखात रोगराई आली की गाव मरीआईचा गाडा करायचं. लाकडाचा लहान गाडा, त्यात देवी, हळदकुंकू, हार, कोंबडं. वाजतगाजत तो गाडा शिवेपलीकडं ढकलून द्यायचा. शीव ओलांडली की रोग पुढच्या गावाचा. पुढच्या गावानं तो आणखी पुढं ढकलायचा. त्यामुळं हार घातलेलं, कुंकू लावलेलं काहीही शिवेवरून आत आलं की गाव हादरायचं.

नरकचतुर्दशीची सकाळ. घराघरात अंघोळी चाललेल्या, अंगाला तेल, दारात फुटलेली कारिटं. टेकमान वखारीवरून येऊन पडवीत नुकता आडवा झालेला. आईनं आदल्या दिवशी त्याला विचारलं होतं, वखारीत कुत्रा आहे ना? तो हो म्हणाला होता. का विचारते, हे डोक्यात आलंच नाही. इतक्या वर्षांत तो विसरला होता, की त्यांच्याकडं आजचा दिवस कुत्र्याचा. राखण करणाऱ्याचा. त्याला टिळा लावायचा, गळ्यात हार घालायचा, गोडधोड खाऊ घालायचं.

वखारीतला बुक्क्या जन्माचा पांढरा कुत्रा, पण कोळशात लोळून काळा झालेला. टेकमान घरी परतताच म्हातारीनं वखारीत जाऊन त्याच्या कपाळावर तांदूळ-कुंकवाचा मोठा टिळा थापला, गळ्यात झेंडूची माळ घातली, तांदळाच्या पिठाची तळलेली कडी भरवली. बुक्क्याला असा मान जन्मात मिळाला नव्हता. तो मान मिरवायला, आणि चकलीच्या वासानं, थेट गावात शिरला. रिह्याकडच्या पायवाटेनं वळसा घालून.

पहिली किंकाळी गोजराबाईची.

"आगं आयाऽऽ! कुत्रं आलं! हार घातलेलं! कुक्कू लावलेलं! रिह्याकडनं आलं! माज्याकडं बघून हासलं!"

तेल लावलेले, ओले, अर्धे कपडे घातलेले लोक रस्त्यावर आले. बुक्क्यानं शेपूट हलवली. लोक मागं सरले. त्यानं शेपूट आणखी जोरात हलवली. लोक आणखी मागं.

कोंडाजी आला. अंगाला उटणं, कानात साबण. त्यानं कुत्र्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"गाड्याचं दिवस गेलं," तो म्हणाला. "आता कुत्रं धाडाय लागले. चालतं वझं. आपला आपन गावभर फिरून घरोघर रोग वाटील. काय?"

"कोंडाजी, आरं भैरोबाच्या पायाशी कुत्रंच हाय न्हवं का?" सगुणाबाई म्हणाली. "मी म्हंते, देवाचं आसंल."

"भैरोबाचं कुत्रं दगडाचं हाय. एका जागी ऱ्हातंय. ह्ये फिरतंय!"

"रिहेकरांना जाब इचारा!" असं कुणीतरी ओरडलं. काठ्या निघाल्या. भैरूनं लांबूनच एक धोंडा भिरकावला. तो बुक्क्याच्या फासळीत बसला. बुक्क्या केकाटला आणि घराकडं पळाला. त्याचं घर म्हणजे ज्या हातानं आज खाऊ घातलं तो हात. म्हातारी सगुणाबाईच्या पडवीत दिवा घासत बसली होती.

टेकमान तोवर दारात आला होता. बुक्क्याचा हार, कपाळावरचा टिळा, मागून येणाऱ्या काठ्या, हे सगळं त्यानं एकदम पाहिलं. आत जाऊन दार लावावं. किंवा आपणही एक धोंडा उचलून लोकांत मिसळावं. कुणाला कळणार? पण कुत्रं येऊन त्याच्या पायात घुसलं, आणि गाव त्याच्या समोर येऊन थांबलं.

"गुरख्या, बाजूला हो," कोंडाजी म्हणाला. "रिह्याची बला हाय ती."

"रिह्याचा न्हाई." आवाज इतका बारीक निघाला की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "आपल्या वखारीचा हाय. बुक्क्या हाय."

"मग ह्यो हार?"

मागं आई दिवा खाली ठेवून उठल्याचा आवाज आला.

"मी घातला," तो म्हणाला.

मग गोजराबाई, "मला वाटलंच हुतं! त्याचं डोळं बघितलं का?"

"आमच्याकडं आज कुत्र्याची पूजा असतो. राखन करतो म्हनून. रोग न्हाई, कोंडाजीदादा. सन हाय. सन."

"कुत्र्याचा सन?" कुणीतरी हसलं, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

तेवढ्यात म्हातारी बाहेर आली. हातात ताट, ताटात तांदूळ-कुंकू आणि झेंडूची आणखी एक माळ. तिनं समोरचं गाव पाहिलं, काठ्या पाहिल्या, आणि तिचा सुरकुतलेला चेहरा उजळून निघाला. "कति धेरै मान्छे!" ती म्हणाली. किती माणसं! आणि मुलाचा दंड धरून, डोळे भरून, "सबै तेरै लागि?" सगळे तुझ्यासाठी आलेत?

राखणदाराचा दिवस, म्हणून गाव आपल्या राखणदाराच्या दारी आलंय. तिच्या मनात दुसरं काही येण्यासारखंच नव्हतं. ती ताट घेऊन सरळ कोंडाजीकडं निघाली, टिळा लावायला. कोंडाजी एक पाऊल मागं सरला. मग दुसरं. त्याच्या मागं उभं असलेलं गाव तितकंच मागं गेलं. भैरू गटारात पडला. म्हातारीनं कुंकवाचं बोट पुढं केलं आणि तो दांडगा कोंडाजी, तालमीतला गडी, भिंतीला टेकून उभा राहिला. डोळे पांढरे झालेले. ओठावर घाम.

ते थेंब टेकमाननं ओळखले. रोज रात्री काठी आपटताना ते त्याच्या स्वतःच्या ओठावर असायचे.

"आमा," तो घाईनं म्हणाला, "आधी मला लाव."

तिनं लावला. मोठा, भुवईपासून केसांपर्यंत. दुसरी माळ त्याच्या गळ्यात घातली. आता कुत्रा आणि गुरखा सारखेच दिसत होते. कोंडाजीचा श्वास जागेवर आला. त्यानं भिंत सोडली.

"ज्यानं हार घातला त्यानं कुत्रं घिऊन वढ्यापल्याड जायाचं," तो म्हणाला. "गुरांचं कळंस्तवर माघारी यायाचं न्हाई. येका जरी गुरानं चारा सोडला, तर ह्या दोगींनीबी गाव सोडायचं. काय?"

"काय म्हणतो हा?" आईनं विचारलं.

टेकमाननं आईकडं पाहिलं. "गावानं मला शिवेची राखण दिलीय," तो तिच्या भाषेत म्हणाला. "फार मोठा मान आहे. लगेच निघायला हवं."

म्हातारीनं कोंडाजीला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. कोंडाजी गोंधळला. त्यानंही केला.

ओढ्यापलीकडं आंब्याखाली टेकमान नि बुक्क्या बसले. लक्ष्मीपूजनाचे दिवे त्यानं पाण्यापलीकडून पाहिले. पाहुण्या त्याच्या, आणि त्यांना वाढत होती सगुणाबाई. कांछी दोन वेळा भाकरी आणून ओढ्यातल्या धोंड्यावर ठेवायची आणि आईचा निरोप सांगायची, की आई सगळ्या बायांना सांगते, माझा मुलगा शिवेवर आहे, निर्धास्त झोपा. रोज सकाळी ओढ्याच्या त्या काठाला गोठ्यांत माणसं गुरांची तोंडं उघडून बघताना दिसायची. आणि इकडं टेकमानचं तोंड आपोआप उघडायचं. एखादी गाय नुसती खोकली तरी तो उठून उभा राहायचा.

पाडव्याला संध्याकाळी भैरू काठावर आला. ओरडून सांगायची त्याला हौस. "गुरख्याऽ! कोंडाजीच्या पाखऱ्यानं चारा सोडलाऽ! तारा गळत्यातऽ!"

पाखऱ्या म्हणजे कोंडाजीचा लाडका बैल.

टेकमान खाली बसला. संपलं. आईची करंडी रस्त्यावर पडलेली त्याला दिसायला लागली. कपाळाचा पट्टा धुळीत. तिला काय सांगायचं? हाही मानच म्हणायचा? रोज ओढ्यापलीकडून द्यायचा ती आरोळी त्या रात्री त्यानं दिली नाही. गावात मात्र, सगुणाबाईनं नंतर सांगितलं, कुणालाच नीट झोप लागली नाही. आवाज का येत नाही म्हणून माणसं दारात येऊन बघत होती.

भाऊबीजेला सकाळी कांछी ताट घेऊन आली. मागं आई, सगुणाबाई, सात-आठ बाया. आणि त्यांच्या मागं, एकटा, काठी न घेता, कोंडाजी. डोळे तांबारलेले. टेकमाननं त्याला पाहिलं. निदान ओवाळून होईपर्यंत थांब, असं म्हणायचं त्याच्या मनात होतं.

कांछी ओढा ओलांडून आली. भावाला पाटावर बसवलं. एका हातात तेलाची वाटी, एका हातात दूर्वांची जुडी. दूर्वा तेलात बुडवून तिनं त्याच्याभोवती जमिनीवर रेघ ओढली. सावकाश, कुठं तुटू न देता, सबंध गोल. मग त्याच रेघेवर पाण्याची धार.

कोंडाजी ओढ्यात उतरला. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला.

"ह्ये काय करतीया?"

"यम येऊ नये म्हनून," टेकमान म्हणाला. "तेलाचा रेघ यमाला वलांडता येत न्हाई. आमच्याकडं मानतात."

कोंडाजी त्या रेघेकडं बघत राहिला. पाणी त्याच्या पायावरून जात होतं. मग त्यानं मान वळवून मागच्या बायांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "गुरांना चालतं का ते?"

टेकमानला पुन्हा घाम फुटला. हो म्हणावं आणि बैल मेला तर? नाही म्हणावं तर आत्ताच गाठोडं रस्त्यावर. त्याला खोटं सुचेना.

"ठावूक न्हाई, दादा. आमच्याकडं भावालाच करतात."

"पाखऱ्याला मी वासरापास्नं वाढवलाय," कोंडाजी म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "माज्या पाठचा भाऊच म्हन. तिला म्हनावं, चल." दोन पावलं गेला आणि थांबून ओरडला, "आन् तू बसलास काय? तिला आमचं बोलनं कोन सांगनार? ऊठ. कुत्रंबी आन, पायात कडमडतंय."

या खेपेला त्यानं 'काय?' म्हटलं नाही.

गोठ्यात पाखऱ्या मान टाकून उभा होता. तोंडातून तार लोंबत होती. कांछीनं त्याच्याभोवती तेलाची रेघ ओढली, टेकमाननं वाटी धरली. दारात गाव. गोजराबाई म्हणाली, "हितनं माज्याकडं या गं बाई, माझी म्हस कालपास्नं इचार कराया लागलीया."

दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक गोठ्याभोवती तेल होतं.

रोग यायचा तो आलाच. रिह्याहून तो कुणाच्या हाराची वाट बघत थांबला नव्हता. निम्म्या गावाची गुरं त्या थंडीत लाळ गाळत होती. पण आता हाराचं नाव काढायचं तर तेलाचंही काढावं लागलं असतं, आणि ते तेल प्रत्येकानं आपल्या हातानं मागून नेलं होतं. म्हातारीला कुणी काही बोललं नाही. ती गेली तेव्हा सगुणाबाईनं तिच्या करंडीत आंबेमोहोर भरला, आणि एस्टी हलेपर्यंत दोघी एकमेकींना मोठ्यानं काहीतरी सांगत राहिल्या.

त्या संध्याकाळी टेकमान वखारीवर जायच्या आधी कोंडाजीच्या गोठ्यात डोकावला. पाखऱ्या बसला होता. अजून खात नव्हता. कोंडाजी पोत्यावर उकिडवा, कोमट पाण्यानं त्याची खुरं धूत होता.

"गुरख्या," तो मान वर न करता म्हणाला, "तुला भ्या वाटत न्हाई का रं कदी? येवढ्या अंधारात येकला हिंडतोस."

टेकमाननं काठी भिंतीला टेकवली. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"वाटतं."

"किती?"

"लई."

कोंडाजीनं खुराला फडकं गुंडाळलं, गाठ मारली, आणि पोत्यावर सरकून जागा केली.

"मग बस हितं वाईच," तो म्हणाला. "मलाबी वाटतंय."